थंड हवेतली डॅफ्नी ओडोरा (पिवळ्या काठाची): जागा, माती, वारा आणि कलम

मंजिरी (लीड्सजवळ, इंग्लंड)

ज्यांच्या अंगणात हिवाळ्यात दव गोठतं आणि तरी ज्यांना बारा महिने पानं टिकवणारं, दुरंगी पानांचं, वर घमघमणारं झुडूप हवंय, त्यांच्यासाठी हा धागा काढतेय. झुडूप आहे डॅफ्नी ओडोरा, आणि त्यातही 'ऑरिओमार्जिनाटा' ही जात. जाडसर, गडद हिरवं, चकाकणारं पान आणि त्याला बारीक जरीकाठासारखी पिवळी किनार. मूळ चीनमधलं. जपानात ते शतकानुशतकं लावतात आणि तिकडे त्याला 'जिंचोगे' म्हणतात. इकडे जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके येतात. कळी बाहेरून जांभळट गुलाबी, उमललं की आतून फिकट, जवळपास पांढरं. एक झुबका उमलला तरी फाटकापासून दारापर्यंत वास येतो.

इथे येऊन स्थायिक झालेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना हिवाळ्याचे ते तीन महिने जड जातात. मोगरा, रातराणी, पारिजातक यांच्या वासावर वाढलेल्या माणसाला बिनवासाची बाग सुनी वाटते. म्हणून हे झाड आपल्या लोकांनी लावावं असं मला फार मनापासून वाटतं.

आता मुद्द्याचं. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी तिला एच४ या वर्गात घालते, म्हणजे साधारण उणे ५ ते उणे १० अंशांपर्यंत तग धरणारी. साध्या हिरव्या पानाच्या डॅफ्नी ओडोरापेक्षा ही काठाची जात थंडीला थोडी जास्त काटक आहे. दुरंगी पानांच्या झाडांत बहुतेक वेळा उलटं असतं, म्हणून हे मुद्दाम सांगते. तरीही ती नाजूकच. पण तिचा नाजूकपणा लोक समजतात तिथे नाही. थंडीने गेलेल्या डॅफ्नी मी थोड्या पाहिल्या आहेत, मुळाशी पाणी साचून गेलेल्या पुष्कळ. त्याखालोखाल वाऱ्याने गेलेल्या.

त्यामुळे जागा ठरवण्यात वेळ घालवा, पुढचं सोपं आहे. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा आणि सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर तिथे डॅफ्नी लावू नका. आमच्याकडची माती चिकण आहे. अशा मातीत खड्डा खणून त्यातच वाळू-खडी घातली तर आजूबाजूचं सगळं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि मुळं बुडतात. त्यापेक्षा जमिनीच्या वर वीतभर उंच वाफा करून त्यावर लावा. माती किंचित आम्ल किंवा उदासीन असावी. ऊन विरळ, झाडाखालून गाळून आलेलं असावं. मुळांशी गारवा हवा, म्हणून पानांच्या खताचा किंवा सालींचा दोन इंचांचा थर द्या, पण तो खोडाला टेकू देऊ नका.

आणि एकदा लावली की हलवायची नाही. तिची मुळं जाड आणि कमी तंतूंची असतात, उपटून दुसरीकडे लावणं तिला सोसत नाही.

कोणी लावली असेल तर अनुभव लिहा. प्रश्न असतील तर तेही.

नदीकाठ (डब्लिन)

छान धागा, मंजिरीताई. आमच्याकडे आहे, पूर्वेच्या भिंतीला, फुलतेही भरपूर. एक शंका आहे. पुस्तकांत पूर्वेची भिंत टाळा असं का लिहितात?

मंजिरी

गोठलेल्या कळीवर सकाळचं ऊन एकदम पडलं की ती झपाट्याने वितळते आणि पेशी फाटतात. सावकाश वितळली तर पुष्कळदा वाचते. कॅमेलियालाही हेच लागू. डब्लिनला समुद्रामुळे कडक दहिवर (गोठलेलं दव) इतक्या वेळा पडत नाही, म्हणून तुमच्याकडे पूर्वेची भिंत चालून जाते. आमच्याकडे मी पश्चिमेची भिंत किंवा घराचा वायव्य कोपरा सुचवेन.

आजोळ (ॲबर्डीन)

मी थोडा विरोधी सूर लावतो. आमच्याकडे उत्तर समुद्रावरून येणारा वारा कशालाच सोडत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रेमारला, म्हणजे इथल्या डोंगरातल्या गावी, पारा उणे १७.३ पर्यंत गेला होता. आमच्या किनाऱ्यावर तेवढा उतरत नाही, पण वारा आहेच. महागाचं रोप घ्यायचं, ते आठ-दहा वर्षं जगणार आणि मग एका आठवड्यात उभ्याउभ्या वाळणार, हे मला पटत नाही. दुरंगी सदाहरित पान हवं तर युऑनिमस किंवा हॉलीच्या काठाच्या जाती घ्या, कुठेही जगतात.

मंजिरी

दादा, युऑनिमसला वास नाही आणि हॉलीची फुलं तशी नावापुरतीच. पण तुमचा वाऱ्याचा मुद्दा अगदी खरा आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. सदाहरित पान हिवाळ्यातही पाणी बाहेर टाकत असतं. वारा आणि ऊन असेल तर जास्तच. पण जमीन गोठलेली असते, मुळांना पाणी उचलता येत नाही. म्हणजे झाड गारठून मरण्याऐवजी तहानेने मरतं. फेब्रुवारी-मार्च २०१८ मध्ये सायबेरियाकडून पूर्वेचा वारा आला होता तेव्हा इथे अनेकांच्या सदाहरित झाडांची एकच बाजू करपली होती, वाऱ्याकडची. तापमान तर दोन्ही बाजूंना तेच होतं.

म्हणून ॲबर्डीनला कुंपणाच्या किंवा दुसऱ्या दाट झुडपाच्या आडोशाने लावा. भक्कम भिंतीपेक्षा वारा गाळणारं झुडूप बरं, कारण भिंतीवरून उलटलेला वारा पलीकडे भोवरे करून आदळतो. थंडीची लाट येण्याआधी माती कोरडी असेल तर एकदा पाणी घाला, जमीन गोठायच्या आत. कडाक्याच्या रात्री बागेचं पांढरं फ्लीस (झाडं झाकायचं हलकं कापड) टाका आणि दिवसा काढा. प्लास्टिक नको. आत बाष्प साचतं आणि पानाला चिकटलेलं ओलं प्लास्टिक पानासकट गोठतं.

आयुष्य कमी असतं हे मान्य. त्यावरचा उपाय म्हणजे आधीच कलम करून ठेवणं, त्यावर खाली लिहीन.

रेवा२१ (लंडन)

माझी डॅफ्नी दहिवराच्या सकाळी पूर्ण लोंबलेली दिसते, पानं खाली. गेली समजू का? आणि दुसरं म्हणजे मधली पानं पिवळी पडतात.

मंजिरी

लोंबणं घाबरण्यासारखं नाही. कडक थंडीत तिची पानं झुकतात आणि ऊब आली की दुपारपर्यंत परत सरळ होतात. हात लावून हलवू नकोस, गोठलेलं पान मोडतं.

पिवळेपणाचे तीन प्रकार वेगळे ओळखायचे. वसंतात फांदीच्या खालची जुनी पानं पिवळी होऊन गळतात, ते नैसर्गिक आहे. सदाहरित म्हणजे पान कधीच गळत नाही असं नाही. दुसरा प्रकार: नवीन पान पिवळं पण शिरा हिरव्या. लंडनचं पाणी कठीण, त्यात चुना फार. मातीतला आम्लपणा उतरला की झाडाला लोह घेता येत नाही. जुन्या विटांच्या भिंतीच्या पायाशी लावलं असेल तर चुन्याचा मालही मातीत झिरपतो. पावसाचं पाणी पिंपात साठव आणि तेच घाल. चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, मिळतं, ते वसंतात द्यायचं. तिसरा प्रकार वाईट. सगळं झाडच निस्तेज, माती ओली असूनही पानं मलूल आणि थंडी नसतानाही तशीच. मूळ कुजलं असं समजायचं. तिथे पाणी वाढवलं तर झाड लवकर जातं.

रेवा२१

शिरा हिरव्याच आहेत! आणि भिंतीलगतच आहे. पिंप या शनिवारीच बसवते.

सह्यवाट (सातारा)

मी बागवाला नाही, डोंगरात फिरणारा माणूस. पण हे वाचताना एक गोष्ट सांगावीशी वाटली. या डॅफ्नीच्या कुळातलं झुडूप आपल्या सह्याद्रीत आहे आणि आपल्यातल्या अनेकांनी ते पाहिलेलं असणार. रामेठा. कास, महाबळेश्वर, सिंहगड या बाजूंना पावसाळा सरल्यावर पिवळ्या बारीक फुलांचे गेंद दिसतात, ते हेच. गुरं त्याला तोंड लावत नाहीत कारण ते विषारी आहे. पूर्वी ओढ्या-डोहांत मासे भुलवायला ते वापरत. याची फांदी मोडायला जा, साल चिवट दोरीसारखी सोलून येते, फांदी तुटत नाही. तुमच्या डॅफ्नीचं काय?

मंजिरी

वा, हे वाचून फार आनंद झाला. डॅफ्नीचंही अगदी तसंच, साल चिवट. त्या चिवट सालीचाच उपयोग हिमालयात कागदासाठी होतो. नेपाळचा लोक्ता कागद डॅफ्नीच्या जातींच्या सालीपासून करतात. अरुणाचलात तवांगला मोनपा लोक 'मोन शुगू' नावाचा कागद याच कुळातल्या झुडपाच्या सालीपासून करत आले आहेत. तो मागे पडला होता. डिसेंबर २०२०मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने तिथे पुन्हा केंद्र सुरू केलं.

आणि विषाचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं, तो मीच पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवा होता. डॅफ्नीचा प्रत्येक भाग विषारी आहे. पान, साल, फूल, फळ, सगळं. चीक त्वचेला लागला तर काहींना आग होते, पुरळ येतो. छाटताना हातमोजे घाला. ओडोराला इकडे फळं क्वचितच धरतात, पण इतर डॅफ्नींना लाल-काळी बोरांसारखी फळं येतात आणि लहान मुलांना ती खुणावतात. रांगतं मूल किंवा पानं चघळणारं कुत्रं घरात असेल तर ही झाडं थोडी थांबवा. फुलं देवाला वाहायची तर वाहा, पण प्रसादाच्या ताटाशेजारी ठेवू नका, आणि हात धुवा.

पारिजात (टोरंटो)

ताई, आमच्याकडे उणे २० होतं. मनात खूप आहे, पण हे शक्यच नाही ना?

मंजिरी

जमिनीत नाही. कुंडीत मात्र शक्य आहे, जर तुझ्याकडे न तापवलेली पण गोठणबिंदूच्या वर राहणारी उजेडाची जागा असेल. काचेचा व्हरांडा किंवा खिडकी असलेलं गॅरेज. साधारण २ ते ७ अंश हवेत. बैठकीच्या खोलीत २१ अंशांवर आणलीस तर कळ्या गळतील, पानं सुकतील आणि कोळी-किडा लागेल. अंधाऱ्या गॅरेजातही नको, पानं झोपत नाहीत, त्यांना उजेड लागतो. पाणी फार थोडं, माती वरून कोरडी झाल्यावर. मे महिन्यात बाहेर काढताना आधी सावलीत आठवडाभर.

कुंडीत नुसतं कंपोस्ट भरू नकोस. पीटचं (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचं) किंवा नारळाच्या भुशाचं मिश्रण एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरतच नाही, आणि ओलं झालं की चिखल. मातीवर आधारलेलं मिश्रण घे. इथे आम्ही 'जॉन इन्स' वापरतो. ती कंपनी नाही, १९३०च्या दशकात एका उद्यान संशोधन संस्थेत ठरवलेली कृती आहे: लोम माती, पीट, जाड वाळू. कॅनडात तयार मिळालं नाही तर बागेची कसदार माती, सालींचं बारीक कंपोस्ट आणि जाड खडी घेऊन घरीच कर.

पण खरं विचारशील तर तुझ्यासाठी मी दुसरीच डॅफ्नी सुचवेन. 'कॅरल मॅकी'. बर्कवुडी या संकरातली, हिलाही पानाला पिवळसर काठ, जो पुढे मलईसारखा होतो. अर्धी सदाहरित, म्हणजे कडक हिवाळ्यात पुष्कळ पानं टाकते. पण उणे २५च्या आसपासही जगते. फुलं मे महिन्यात, वास भरपूर. पाण्याच्या निचऱ्याची अट तीच.

पारिजात

'कॅरल मॅकी' इथल्या रोपवाटिकेच्या यादीत आहे! ओडोरा व्हरांड्यात करून बघण्याचा मोह अजून सुटत नाही, पण आधी ही जमिनीत लावते.

ऋतुगंध (मेलबर्न)

आमच्याकडे जून ते ऑगस्टमध्ये फुलते. मेलबर्नच्या जुन्या घरांच्या पुढच्या दारी डॅफ्नी असणं अगदी नेहमीचं. इथल्या आजीबाया एक गोष्ट करतात ती मला आवडते. फुललेला झुबका थोड्या देठासह तोडून पाण्याच्या पेल्यात ठेवायचा. झाडाची वेगळी छाटणी करायचीच नाही, फुलं तोडली तीच छाटणी. झाड गोल आणि भरलेलं राहतं.

आमची अडचण उन्हाळ्याची. ४० अंशांच्या दिवशी पानाचा पिवळा काठ आधी करपतो. दुपारचं ऊन पूर्ण अडवावं लागतं.

मंजिरी

बरोबर. त्या काठात हरितद्रव्य फारच कमी, त्यामुळे तो भाग उन्हाला आणि कोरड्या वाऱ्याला आधी बळी पडतो. करपलेला काठ कात्रीने कापत बसू नका, नवीन पान आलं की जुनं आपोआप गळतं.

छाटणीबद्दलही सहमत. जुन्या, पानं नसलेल्या लाकडात कापलं तर तिथून फुटेलच याची खात्री नाही. म्हणून टोकाची फुलं घ्या, बाकी हात लावू नका.

कोकणकडा (न्यूकॅसल)

काठाबद्दलच विचारायचं होतं. माझ्या झाडावर एक फांदी पूर्ण हिरवी आली आहे आणि जोरात वाढतेय. ठेवू का?

मंजिरी

नका ठेवू. बुडापासून काढा, आत्ताच.

हे का होतं ते सांगते, कारण कलमाशीही त्याचा संबंध आहे. अशा झाडाच्या वाढत्या टोकात पेशींचे थर असतात आणि त्यांतल्या एका थरात हरितद्रव्य नीट तयार होत नाही. पानाचा काठ मुख्यतः त्या थरातून घडतो, मधला भाग आतल्या हिरव्या थरातून. म्हणजे एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी शेजारी नांदतात. कधी एखाद्या कोंबात थरांची जागा बदलते आणि पूर्ण हिरवी फांदी निघते. तिच्यात अन्न तयार करण्याची ताकद जास्त, म्हणून ती बाकीच्यांना मागे टाकते. ठेवलीत तर काही वर्षांत झाड हिरवं होईल, आणि साधी हिरवी डॅफ्नी थंडीला कमी टिकते हे वर लिहिलंच आहे. बी लावून हा काठ मिळत नाही. तो हवा असेल तर टोकाची फांदी वापरून केलेलं कलमच लागतं.

पानांवर ठिपके, चट्टे, वेडावाकडा पिवळेपणा असेल तर मात्र तो काठ नव्हे, विषाणू असू शकतो. जुन्या डॅफ्नींमध्ये तो खूप आढळतो, मावा पसरवतो. अशा झाडापासून कलम घेऊ नका, कलमातूनही तो जातो.

अनुजा_के (मँचेस्टर)

कलमावर लिहिणार होतात. वाट बघतेय.

मंजिरी

घ्या. दोन पद्धती.

छाट कलम जुलै-ऑगस्टमध्ये. या वर्षीची फांदी, बुडाशी किंचित कडक झालेली आणि शेंड्याला कोवळी. बोटभर लांबीची घ्यायची, खालची पानं काढायची, मुळं फुटवणारी पावडर लावून खडी मिसळलेल्या मिश्रणात खोचायची. सावलीत, झाकण ठेवून, पण रोज हवा द्यायची, नाहीतर बुरशी. मुळं यायला दोन-तीन महिने लागतात. सगळ्या काड्या जगत नाहीत, म्हणून जास्त लावा.

दाब कलम मला जास्त भरवशाचं वाटतं. डॅफ्नीच्या खालच्या फांद्या आपणच जमिनीकडे झुकतात. मार्च-एप्रिलमध्ये अशी एक फांदी घ्या, खालच्या बाजूने साल जरा खरवडा, वाळूमिश्रित मातीत दोन-तीन इंच पुरा, वर दगड ठेवा, टोक बाहेर. आईच्या फांदीतून अन्न मिळत राहतं, त्यामुळे रोपाला घाई नसते. वर्ष ते दीड वर्षाने हळूच ओढून पाहा. धरलं असेल तर कापून थेट कायमच्या जागी लावा किंवा कुंडीत. ही पद्धत कोकणात आजोबांकडे पाहिलेल्या लोकांना नव्याने शिकवायला नको.

आजोळदादांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. झाड पाच-सहा वर्षांचं झालं की एक दाब कलम करून ठेवा. मोठं झाड गेलं तरी वास थांबत नाही.

आजोळ

हे पटलं. शेजारच्यांकडे हॉलीचं जुनं कुंपण आहे, त्याच्या आडोशाला एक जागा दिसतेय. निचऱ्याची परीक्षा आधी करतो. पाणी उभं राहिलं तर मात्र युऑनिमसच लावणार.

मंजिरी

तसंच करा दादा. पाणी उभं राहिलं तर वाफा उंच करून बघा, लगेच सोडू नका. आणि हॉलीची मुळं माती कोरडी करतात, म्हणून कुंपणापासून निदान मीटरभर लांब.

उन्हाळी (पुणे)

माझी मुलगी लीड्सलाच असते. तिच्याकडून एखादी छाट मागवून आमच्या गच्चीत लावता येईल का? वर्णन वाचून राहवत नाहीये.

मंजिरी

काका, नका मागवू. परदेशातून रोप किंवा छाट भारतात आणायची तर आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सामानात लपवून आणलेल्या काडीबरोबर रोग येऊ शकतात. आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये गच्चीवर ती जगणारही नाही, तिला गार मुळं आणि थंड हिवाळा हवा. तुमच्या गच्चीसाठी काठाच्या पानांची तगर बघा, दुरंगी सदाहरित पान आणि पांढरी फुलं दोन्ही मिळतील, आणि वासासाठी शेजारी मोगरा. मुलीला भेटायला यायचं असेल तर फेब्रुवारीत या. हॅरोगेटला हार्लो कार बाग आहे, तिथली विंटर वॉक ही वाट हिवाळ्यात शोभणाऱ्या आणि फुलणाऱ्या झाडांसाठीच आखलेली आहे. लीड्सहून ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासात हॅरोगेट. थंडी असेल, जाड मोजे आणा.

उन्हाळी

मुलीला कळवलं. तिच्या घराला पश्चिमेची भिंत आहे म्हणते. तिला हाच धागा पाठवतो.